एक्सप्लेनर : इंटर्नशिप असो वा पहिली नोकरी, पहिल्या वर्षात पगाराशिवाय काय कमवायचे?

जून-जुलै उजाडला की पुण्यात दोन प्रकारची गर्दी वाढते. एक प्रवेशासाठी रांगा लावणाऱ्यांची आणि दुसरी गळ्यात कोरे करकरीत ओळखपत्र अडकवलेल्यांची. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, तळवडे इथल्या आयटी कंपन्यांत आणि भोसरी, चाकणच्या कारखान्यांत नवे चेहरे दिसू लागतात. कुणी सहा महिन्यांचा इंटर्न असतो, कुणी शिकाऊ उमेदवार, कुणी ट्रेनी इंजिनीअर. घरच्यांचा पहिला प्रश्न मात्र सगळ्यांना सारखाच असतो : ‘हातात किती येणार?’

प्रश्न रास्त आहे. रूमचे भाडे, मेसचे पैसे आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता कुणाला चुकलेला नाही. पण पहिल्या वर्षाचा हिशेब फक्त पगारावर मांडला तर वर्ष संपल्यावर हात रिकामेच राहण्याचा धोका असतो. या वर्षात आणखी तीन गोष्टी कमवायच्या असतात. दाखवता येईल असे काम, तुमच्यासाठी शब्द टाकतील अशी माणसे आणि पुढे उपयोगी पडतील असे कागद. पगार महिन्याच्या शेवटी आपोआप खात्यात येतो. या तीन गोष्टी मात्र मागून, विचारून आणि लिहून घ्याव्या लागतात.

थोडक्यात महत्त्वाचे

- रुजू होण्याआधी नियुक्तीपत्र, स्टायपेंड, कालावधी आणि बाँडची अट लेखी घ्या.
- इंटर्नशिपसाठी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा.
- पहिल्या दिवसापासून कामाची नोंद ठेवा.
- अडलात तर दिवसभर कुढत बसू नका, पण तयारीशिवायही विचारू नका.
- शेवटच्या आठवड्यात नव्हे, एक महिना आधीच प्रमाणपत्र आणि पुढच्या संधीबद्दल बोला.

इंटर्न, शिकाऊ उमेदवार आणि ट्रेनी यात फरक काय?

बोलताना तिन्ही शब्द सारखेच वापरले जातात, पण हक्कांच्या दृष्टीने त्यात मोठा फरक आहे.

इंटर्न हा बहुतेक वेळा विद्यार्थी असतो. आता इंटर्नशिप अभ्यासक्रमाचाच भाग झाली आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाच्या इंटर्नशिपला ४ क्रेडिट आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात लागू झालेल्या रचनेत पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षी ‘ऑन जॉब ट्रेनिंग’लाही ४ क्रेडिट दिले आहेत. थोडक्यात, इंटर्नशिप आता मार्कशीटवर दिसते.

शिकाऊ उमेदवार म्हणजे अप्रेंटिस. त्याच्यासाठी शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ हा स्वतंत्र कायदा आहे. ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. उमेदवाराशी करार होतो आणि त्याची नोंदणी होते. कायद्याच्या भाषेत तो ‘प्रशिक्षणार्थी’ असतो, ‘कामगार’ नाही. मात्र कामावर इजा झाल्यास भरपाई आणि कारखान्यातील आरोग्य-सुरक्षेच्या तरतुदी त्याला लागू होतात.

ट्रेनी हा सहसा कंपनीचा कर्मचारीच असतो. त्याचा पीएफ कापला जातो आणि प्रोबेशन पूर्ण झाल्यावर तो कायम होतो. त्यामुळे पत्र हातात आल्यावर आधी पदनाम वाचा. ‘अप्रेंटिस’, ‘इंटर्न’ की ‘ट्रेनी’, यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे.

सरकारी योजनांमध्ये किती पैसे मिळतात?

महाराष्ट्राला ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र कर्मवीर भाऊराव पाटलांनी दिला. आजच्या योजनांमध्ये मात्र कमाई थोडी आणि शिकणे जास्त, असेच प्रमाण आहे. मुख्य योजना अशा :

- राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना (नॅट्स) : पदवी आणि पदविकाधारकांसाठी. २०१९ च्या नियमांनुसार दरमहा किमान ९ हजार रुपये पदवीधरांना आणि ८ हजार पदविकाधारकांना. यातील निम्मा भार केंद्र सरकार उचलते. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने स्टायपेंडमध्ये ३६ टक्के वाढीची शिफारस केली. त्यामुळे अर्ज करताना त्या दिवशीचा आकडा पोर्टलवर तपासा.
- मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना : जुलै २०२४ पासून. वय १८ ते ३५. बारावी उत्तीर्णांना ६ हजार, आयटीआय आणि पदविकाधारकांना ८ हजार, पदवीधरांना १० हजार रुपये. सुरुवातीला कालावधी सहा महिन्यांचा होता, नंतर तो ११ महिने झाला.
- पंतप्रधान इंटर्नशिप योजना : ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू. सुरुवातीच्या निकषांनुसार वय २१ ते २४, कालावधी १२ महिने, दरमहा ५ हजार आणि एकदाच ६ हजार रुपये. पाच वर्षांत १ कोटी तरुणांना देशातील आघाडीच्या ५०० कंपन्यांत संधी देण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले होते.

एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्यावी. यापैकी कोणतीही योजना कायम नोकरीची हमी देत नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतील प्रशिक्षणार्थींनी मुदत संपल्यावर कायम करण्याच्या मागणीसाठी राज्यात आंदोलने केली, ती याच मुद्द्यावर. म्हणून मुदत संपताना आपल्याकडे काय असेल, हा प्रश्न पहिल्या दिवशीच स्वतःला विचारायला हवा.

रुजू होण्याआधी कोणते कागद पाहायचे?

देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यानुसार कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. इंटर्नला किमान ईमेलवर तरी पत्र मिळायला हवे. त्यात कालावधी, स्टायपेंड, कामाचे ठिकाण, वेळ आणि मार्गदर्शकाचे नाव असावे. ‘आधी जॉइन हो, मग बघू’ असे कुणी म्हणाले तर तेच ईमेलवर नम्रपणे लिहून विचारा. उत्तर आले नाही तर तेही एक उत्तरच असते.

पैसे मागितले तर? नोंदणी शुल्क, लॅपटॉपचे डिपॉझिट, ट्रेनिंग फी अशा नावांनी पैसे मागणारी ‘ऑफर’ म्हणजे धोक्याची घंटा. काही ठिकाणी तर काम न करताच प्रमाणपत्र विकत मिळते. क्रेडिट पदरात पडतात, पण मुलाखतीत ‘तिथे नेमके काय केलेस?’ या एका प्रश्नात बिंग फुटते. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. पहिल्या काही तासांत पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त असते.

बाँडचे काय? ‘बाँड म्हणजे नुसता कागद, कोर्टात टिकत नाही’ हा सल्ला कॉलेजच्या कट्ट्यावर हमखास मिळतो. तो पूर्ण खरा नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या सेवेची अट आणि ती मोडल्यास २ लाख रुपयांची भरपाई वैध ठरवली. ते प्रकरण सार्वजनिक बँकेचे होते आणि प्रत्येक बाँड त्याच मापाने मोजला जाईल असे नाही. पण सही करण्याआधी मुदत, रक्कम आणि कंपनीनेच काढून टाकल्यास काय, या तीन ओळी वाचायलाच हव्यात. आणि मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवायला देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा आणि परत घ्या.

पहिल्या महिन्यात काय करायचे?

पहिल्या महिन्यात तुमच्याकडून चमत्काराची अपेक्षा कुणाचीच नसते. अपेक्षा एवढीच असते की दिलेले काम समजून घ्यावे आणि सांगितलेल्या वेळी त्याचे काय झाले ते कळवावे. नव्या मुलांबद्दलचे मत बहुतेक वेळा याच दोन गोष्टींवर तयार होते.

१. काम घेताना तीन गोष्टी विचारा. हे कुणासाठी आहे? कधीपर्यंत हवे आहे? झाले असे कधी म्हणायचे? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ‘रिपोर्ट बनव’ याचा अर्थ दोन ओळींचा ईमेलही असू शकतो आणि वीस स्लाइडचे सादरीकरणही. आधी न विचारता रात्र जागवून केलेले काम सकाळी ‘एवढे नको होते’ म्हणून बाजूला पडते.

२. ऐकलेले परत सांगा. बैठक संपल्यावर ‘म्हणजे मी गुरुवारपर्यंत फक्त या दोन पानांची चाचणी करायची, बरोबर?’ एवढे वाक्य पुरते. गैरसमज असेल तर तिथेच सुटतो.

३. माणसांचा नकाशा काढा. संघप्रमुख कोण, हे सगळ्यांना माहीत असते. पण सर्व्हरची परवानगी कोण देतो, स्टोअरमधून गेज कुणाकडून मिळते, जुन्या कोडचा इतिहास कुणाला ठाऊक आहे, हे वहीत लिहून ठेवावे लागते. कारखान्यात वीस वर्षे मशीन चालवणारे काका पुस्तकात नसलेले बरेच काही सांगतात, पण विचारल्याशिवाय नाही.

४. हाक मारण्याचा संकोच सोडवा. कॉलेजमध्ये ‘सर-मॅडम’ म्हणण्याची सवय आणि आयटी कंपनीत साहेबालाही नावाने हाक, हा पहिल्या आठवड्यातला हमखास गोंधळ. उपाय सोपा आहे. टीममधले इतर जण कसे बोलतात ते दोन दिवस पाहा आणि तसेच बोला. शॉप फ्लोअरवर ‘काका’, ‘दादा’, ‘साहेब’ चालते, तिथे उगाच नावाने हाक मारायला जाऊ नका.

अडले तर विचारायचे कधी आणि कसे?

नवीन मुले दोन टोकांना जातात. काही जण दर पाच मिनिटांनी विचारतात, तर काही जण ‘आपल्याला येत नाही हे कळेल’ या भीतीने दोन दिवस गप्प बसतात. दुसरा प्रकार जास्त महाग पडतो, कारण तोवर पुढच्या चार जणांचे काम खोळंबलेले असते.

एक साधा नियम उपयोगी पडतो. अर्धा तास स्वतः मनापासून प्रयत्न करा, आणि सुटले नाही तर विचारा. पण विचारताना काय करून पाहिले ते सांगा. फरक पाहा :

*असे नको :* ‘सर, लॉगिन चालत नाहीये.’

*असे विचारा :* ‘पासवर्ड बदलल्यावर लॉगिन पेजवर सर्व्हर एरर येतो. माझ्या मशीनवर आणि टेस्ट सर्व्हरवर, दोन्हीकडे. कालपर्यंत चालत होते. डेटाबेस कनेक्शन तपासले, ते ठीक आहे. लॉग सोबत जोडला आहे. टोकनची मुदत संपत असावी असे वाटते. आधी तेच बघू का?’

दुसऱ्या संदेशाला उत्तर द्यायला समोरच्याला एक मिनिट लागते. पहिल्याला उत्तर देण्याआधी त्यालाच दहा प्रश्न विचारावे लागतात. शॉप फ्लोअरवरही हेच. ‘काका, जॉब बिघडतोय’ याऐवजी ‘काका, मघापासूनच्या पाच जॉबपैकी तीन बाहेरच्या व्यासात वाढीव येतायत. सकाळीच इन्सर्ट बदललाय. ऑफसेट बघू का?’ असे म्हटले की काका मशीनपर्यंत पोचण्याआधीच निम्मे निदान झालेले असते.

आणि मिळालेले उत्तर लिहून ठेवा. एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला तर चालून जाते. तिसऱ्यांदा विचारला की लोक टाळू लागतात.

चूक झाली तर लपवायची का?

पहिल्या वर्षात चूक होणार, हे कंपनीने गृहीत धरलेलेच असते. म्हणूनच कोड रिव्ह्यू असतो, फर्स्ट पीस तपासणी असते, दोन सह्या असतात. महागात पडते ती चूक नव्हे, उशिरा कळलेली चूक. चुकीच्या मापाचा एक जॉब रिजेक्ट झाला तर नुकसान एका तुकड्याचे. तेच माप शिफ्टभर चालले तर अख्खी बॅच भंगारात.

त्यामुळे क्रम असा ठेवा : काय झाले, त्याचा परिणाम कुठवर गेला, आत्ता काय थांबवले आहे आणि काय मदत हवी आहे. कारणे आणि माफी नंतर. सगळे निस्तरल्यावर ‘पुन्हा होऊ नये म्हणून मी ही तपासणी जोडली आहे’ असा दोन ओळींचा ईमेल पाठवला तर त्या चुकीतूनही विश्वास कमावता येतो.

फक्त झेरॉक्स आणि एक्सेलच मिळत असेल तर?

ही तक्रार बहुतेक इंटर्नची असते आणि बरेचदा खरीही असते. तीन आठवडे तसेच गेले तर मार्गदर्शकाकडे वीस मिनिटे मागा. ‘मला चांगले काम द्या’ असे न म्हणता एखादे नेमके काम सुचवा. उदाहरणार्थ, ‘दर सोमवारी ही आकडेवारी तीन फाइलींतून हाताने भरतो. त्याची एक शीट तयार करू का, म्हणजे ते आपोआप होईल?’ कंटाळवाण्या कामातच सुधारणेला सगळ्यात जास्त जागा असते आणि ती जागा रोज ते काम करणाऱ्यालाच दिसते.

एवढे करूनही काही बदलले नाही, तर कॉलेजच्या इंटर्नशिप समन्वयकाला लेखी कळवा. क्रेडिट देणारी संस्था कॉलेज आहे. त्यामुळे तिथे काय शिकवले जाते, हे पाहण्याची जबाबदारी त्यांचीही आहे.

कामाची नोंद कशी ठेवायची?

पहिल्या वर्षातली ही सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगी सवय. दर शुक्रवारी दहा मिनिटे काढा आणि चार ओळी लिहा : या आठवड्यात काय केले, त्यामुळे काय बदलले, काय शिकलो, कुठे अडलो.

वर्षाच्या शेवटी मूल्यमापनाचा फॉर्म येतो, तेव्हा बहुतेकांना मागचे दोनच महिने आठवतात. ज्याच्याकडे ५० शुक्रवारांच्या नोंदी असतात त्याला फॉर्म भरायला अर्धा तास पुरतो. शिवाय बायोडेटात लिहायची वाक्ये आयती मिळतात. नमुना म्हणून हे पाहा. ‘कंपनीत टेस्टिंगचे काम केले’ हे वाक्य कुणीही लिहू शकतो. ‘पेमेंट विभागासाठी ४० टेस्ट केस लिहिल्या, १२ दोष सापडले, त्यातले ९ रिलीजआधी दुरुस्त झाले’ हे फक्त काम केलेलाच लिहू शकतो.

नोंदीत ग्राहकांची नावे, कोड, ड्रॉइंग, आतील आकडे लिहू नयेत. कंपनीची फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवणे किंवा परवानगी नसताना कोड एआय चॅटबॉटमध्ये चिकटवणे गोपनीयतेच्या कराराचा भंग ठरू शकते. एआय वापरायला परवानगी असेल तरी एक पथ्य पाळा. जे ओळीने समजावून सांगता येत नाही, ते आपल्या नावाने पाठवू नका. रिव्ह्यूत प्रश्न तुम्हाला विचारले जातात, चॅटबॉटला नाही.

३.६० लाखांचे पॅकेज, मग हातात ३० हजार का नाहीत?

पहिली सॅलरी स्लिप पाहून बहुतेकांना धक्का बसतो. नमुना हिशेब असा :

- वार्षिक सीटीसी ३,६०,००० म्हणजे महिन्याला ३०,००० रुपये. यात मूळ वेतन १५,००० धरू.
- कंपनीचा पीएफचा वाटा (१२ टक्के) १,८०० रुपये आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२० रुपये. हे दोन्ही सीटीसीतच मोजलेले असतात. उरले २७,४८०.
- त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० रुपये वजा. हातात सुमारे २५,४८०.

कंपनीने विम्याचा हप्ता किंवा वार्षिक बोनसही सीटीसीत धरला असेल तर रक्कम आणखी कमी होते. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० रुपये कापला जातो, वर्षाचे मिळून २,५००. महाराष्ट्रात दरमहा २५ हजारांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना हा कर नाही.

पीएफचे पैसे बुडत नाहीत, ते तुमचेच असतात. यूएएन हा क्रमांक आयुष्यभर एकच ठेवायचा. नोकरी बदलली की नवा क्रमांक न घेता जुने खाते जोडून घ्या. ग्रॅच्युइटी मात्र कायम कर्मचाऱ्याला साधारण पाच वर्षांनी आणि ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला नव्या संहितेनुसार एका वर्षाने मिळते.

इंटर्नच्या स्टायपेंडमधून काही कंपन्या १० टक्के टीडीएस कापतात. एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर आयकर विवरणपत्र भरून तो परत मिळवता येतो. यासाठी सीए लागतोच असे नाही, पण विवरणपत्राची मुदत चुकवू नका.

किती तास काम करायचे?

पुण्यात हा प्रश्न २०२४ मध्ये अतिशय वेदनादायी रीतीने समोर आला. एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या पुण्यातील कार्यालयात मार्चमध्ये रुजू झालेल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा जुलैमध्ये मृत्यू झाला. ती तिची पहिली नोकरी होती. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये समोर आले आणि नव्या कर्मचाऱ्यांवरील ताणाची चर्चा देशभर झाली. मृत्यूचा कामाच्या ताणाशी संबंध असल्याचे कंपनीने मान्य केले नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

कायदा काय सांगतो? महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट दराने मोबदला अशा तरतुदी आहेत; मूळ कायद्यात दिवसाला ९ तासांची मर्यादा आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तासांपर्यंत नेण्याच्या बदलाला मंजुरी दिली. व्यवस्थापकीय पदांना या तरतुदी लागू होत नाहीत. पण नुकत्याच लागलेल्या मुलाच्या व्हिजिटिंग कार्डवर ‘एक्झिक्युटिव्ह’ लिहिले म्हणून तो व्यवस्थापक होत नाही.

रोजच्या व्यवहारात एक गोष्ट करता येते. नव्या मुलाला ‘नाही’ म्हणणे जड जाते, म्हणून नकाराऐवजी क्रम विचारा : ‘माझ्याकडे अ आणि ब ही दोन कामे शुक्रवारपर्यंत आहेत. हे तिसरे आधी हवे असेल तर त्यातले कोणते पुढे ढकलू?’ निर्णय वरिष्ठांकडे जातो आणि तुमच्या डोक्यावर किती काम आहे हेही त्यांना कळते. उशिरा थांबावे लागले तर तास तारखेनिशी लिहून ठेवा.

झोप उडणे, जेवण सुटणे, सकाळी ऑफिसच्या विचारानेच छातीत धडधडणे, हे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर घरी सांगा आणि डॉक्टरांना भेटा. ‘सगळ्यांचेच असे असते’ म्हणून ते अंगावर काढू नका. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ क्रमांकावर चोवीस तास मोफत समुपदेशन मिळते, मराठीतही.

लैंगिक छळाविरोधातील २०१३ चा कायदा इंटर्न, प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवार महिलांनाही संरक्षण देतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावे कार्यालयात लावलेली असायला हवीत. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते.

प्रशिक्षणातली परीक्षा खरेच एवढी महत्त्वाची असते का?

हो. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसच्या म्हैसूर केंद्रातील ३०० हून अधिक प्रशिक्षणार्थींना कमी करण्यात आले. तीन संधी देऊनही अंतर्गत चाचणी उत्तीर्ण न झाल्याचे कारण कंपनीने दिले. पुण्यातील ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्यावर केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. वाद बाजूला ठेवला तरी धडा स्पष्ट आहे. ऑफर लेटर म्हणजे शर्यत संपली असे नाही. चाचणीचे निकष, संधी किती आणि अनुत्तीर्ण झाल्यास काय, हे पहिल्याच आठवड्यात लेखी विचारून घ्या आणि प्रोबेशन संपण्याची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

त्या तारखेची वाट पाहत बसू नका. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात वरिष्ठांना दोनच प्रश्न विचारा : ‘माझे काय चांगले चालले आहे? आणि एकच गोष्ट सुधारायची तर कोणती?’ ‘एकच’ म्हटल्याने उत्तर नेमके मिळते.

शेवटच्या महिन्यात काय करायचे?

- प्रमाणपत्रात फक्त तारखा नकोत, केलेल्या कामाचा उल्लेख हवा. मसुदा स्वतः लिहून पाठवलात तर सही लवकर होते.
- नॅट्समधून प्रशिक्षण पूर्ण केल्यास शासनाचे प्रवीणता प्रमाणपत्र मिळते. ते डाउनलोड करून ठेवा.
- हातातले काम दुसऱ्याला नीट समजावून द्या. दोन पानांची टिपण पुरते. जाताना कसे वागलात, हे लोकांच्या जास्त लक्षात राहते.
- संदर्भासाठी नाव देऊ का, हे दोन वरिष्ठांना विचारून ठेवा.
- पूर्णवेळ संधी हवी असेल तर स्पष्ट विचारा. न विचारता मिळेल या आशेवर राहू नका.
- नोकरी सोडत असाल तर अनुभवपत्र, शेवटची सॅलरी स्लिप आणि पीएफचा तपशील घ्या. नव्या वेतन संहितेनुसार राहिलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत देणे अपेक्षित आहे.

नेहमीचे तीन प्रश्न

बिनपगारी इंटर्नशिप घ्यावी का? कालावधी छोटा असेल, शिकवणारा माणूस नक्की असेल आणि दाखवता येईल असे काम मिळणार असेल तर विचार करायला हरकत नाही. पण तुमच्या कामाचे बिल ग्राहकाला लागत असेल आणि तुम्हाला प्रवासखर्चही मिळत नसेल, तर ते शिकणे नव्हे, फुकटची हमाली आहे.

वर्षाच्या आत नोकरी बदलावी का? छळ, थकलेला पगार किंवा सांगितल्यापेक्षा पूर्ण वेगळे काम असेल तर थांबण्यात अर्थ नाही. केवळ दोन-तीन हजारांसाठी असेल तर आधी हिशेब करा : नवीन ठिकाणी भाडे, प्रवास आणि पुन्हा शून्यापासून प्रोबेशन.

काम आवडतच नसेल तर? आधी तपासा की काम आवडत नाही, की टीम, की फक्त रोजचा दोन तासांचा प्रवास. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. आणि हे उत्तर शुक्रवारच्या त्या चार ओळींच्या नोंदींत बहुतेक वेळा आधीच लिहिलेले असते.